बाईकला डिकी नाही, मग कुलूप ठेवायचं कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना शंभर वेळा आलेलं ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. आणि हो, हा भाग बाईकबद्दल असला तरी बाईक चालवताना ऐकू नका. इअरफोन काढा, घरी पोचा, मग ऐका.

आजचा विषय मागच्या महिन्यात एका मित्राने सुचवला. त्याने नवी बाईक घेतली, जाडजूड साखळी कुलूपही घेतलं आणि मग विचारलं, “हे आता ठेवू कुठे?” मी हसलो नाही. कारण याच प्रश्नाचं उत्तर मी वेळेवर शोधलं नाही म्हणून घरची एक गाडी गेली.

खिळ्यावरची साखळी

२०१९ ची गोष्ट. बीटेक करून नुकताच पुण्यात नोकरीला लागलो होतो. पप्पांनी त्यांची शंभर सीसीची जुनी बाईक मला दिली. कराडहून स्वतः चालवत घेऊन आले होते. सोबत एक साखळी आणि कुलूप. म्हणाले, “हँडल लॉकच्या भरवशावर राहू नको. हे लावत जा.”

पहिले आठ दिवस लावलं. मग कंटाळा आला. साखळी हँडलला अडकवली तर टाकीवर आपटायची, पिशवीत घातली तर पिशवीचा बंद तुटायचा, सीटखाली तर ती मावायचीच नाही. हळूहळू ती रूमच्या दारामागच्या खिळ्यावर गेली आणि तिथेच राहिली.

एका संध्याकाळी मेसबाहेर गाडी लावली. हँडल लॉक केलं, जेवलो, पाऊण तासाने बाहेर आलो तर जागा रिकामी. आधी वाटलं, कुणीतरी सरकवून ठेवली असेल. दोन गल्ल्या फिरलो. मग पोलीस स्टेशनला गेलो. तिथे हवालदारांनी विचारलं, “जादा कुलूप होतं का?” मी म्हणालो, “आहे, पण रूमवर आहे.” ते काही बोलले नाहीत, लिहीत राहिले.

पप्पांना फोन करायला मला रात्रीचे अकरा वाजले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “साखळी दिली होती की रे.” आणि लगेच, “जाऊ दे. तू बरा आहेस ना? मग झालं.” गाडी परत मिळाली नाही. त्या गाडीवर त्यांनी पंधरा वर्षं ड्युटी केली होती.

तेव्हापासून मी एक गोष्ट मानतो. कुलूप किती मजबूत आहे हे नंतर बघायचं, आधी ते त्या वेळी गाडीजवळ असणार आहे का हे बघायचं. दुकानात आपण कडीची जाडी बघतो, किंमत बघतो. रोज ते कुठे बसणार, हे बघतच नाही. आणि जे रोज नेता येत नाही ते दोन आठवड्यांत खिळ्यावर जातं.

हँडल लॉक आहे ना, मग?

हँडल लॉक म्हणजे एक छोटा दांडा. तो बाहेर येऊन खाचेत बसतो आणि हँडल वळू देत नाही. पण हँडल लांब असतं, म्हणजे तरफेसारखं काम करतं. जोर लावणाऱ्याच्या बाजूने लांबी आणि अडवायला छोटासा दांडा. बऱ्याच गाड्यांवर हे फार वेळ टिकत नाही. शिवाय दीडशे ते एकशे ऐंशी किलोची बाईक दोन-तीन जण मिळून टेम्पोत चढवू शकतात. तेव्हा हँडल लॉकचा काहीच उपयोग नाही.

म्हणून जादा कुलूप. त्याचे ढोबळ प्रकार तीन. एक, डिस्क लॉक: मुठीएवढं, पुढच्या ब्रेकच्या डिस्कच्या भोकात अडकतं. वजन अर्धा ते एक किलो. गाडी ढकलून नेता येत नाही, पण उचलून नेता येते. दोन, साखळी: गाडी खांबाला बांधता येते, म्हणून उचलणंही अवघड. पण १० मिलिमीटर कडीची मीटरभर साखळी अडीच-तीन किलोच्या घरात जाते आणि १४ मिलिमीटरची जवळपास पाच किलो. तीन, यू लॉक: साखळीपेक्षा आटोपशीर, पण वाकत नाही, त्यामुळे जवळ योग्य खांब नसला की त्याने फक्त चाकच बांधता येतं.

तारेचं जे स्वस्त कुलूप हेल्मेटसाठी मिळतं ते हेल्मेटलाच ठेवा. आणि एक चूक मी केलीय ती सांगतो. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानातून साधी लोखंडी साखळी मापून आणली, स्वस्तात पडली म्हणून खूश झालो. ती साखळी पाणी देऊन कडक केलेली नसते. हाताने चालवायच्या बोल्ट कटरने ती सहज तुटते. म्हणजे वजन वाहायचं पूर्ण आणि उपयोग अर्धा. साखळी घ्यायचीच तर कडक पोलादाची, शक्यतो चौकोनी किंवा षटकोनी कडीची घ्या. इंग्लंडच्या सोल्ड सिक्युअर किंवा नेदरलँड्सच्या आर्ट या संस्थांचं रेटिंग पाकिटावर असेल तर चांगलंच. फक्त ते मोटरसायकलसाठीचं आहे की सायकलसाठीचं, तेवढं बघून घ्या. दोन्ही वेगळी असतात.

तीन प्रश्न

आता मुद्द्यावर येऊ. ॲक्टिवासारख्या स्कूटरला सीटखाली १८ लिटरची डिकी असते. बाईकच्या सीटखाली टूलकिट, कागदपत्रं आणि फार तर एक फडकं. त्यामुळे ‘सगळीकडे एकच दणकट कुलूप’ हा विचार बाईकवर चालत नाही. कॉलेजमध्ये सिक्युरिटीच्या तासाला शिकवतात की आधी धोका कुठे आहे ते लिहून काढा, मग उपाय. तेच इथे करायचं. गाडी जिथे जिथे उभी राहते त्या जागांची यादी करा आणि प्रत्येक जागेला तीन प्रश्न विचारा: किती वेळ उभी असते? कुणाची नजर असते का? बांधायला काही पक्कं आहे का?

माझी यादी अशी झाली. रात्री सोसायटीचं पार्किंग, नऊ-दहा तास. ऑफिसचं तळघर, नऊ तास, गार्ड असतो. मेट्रो स्टेशनजवळचा रस्ता, आठवड्यातून दोनदा, दिवसभर, कुणाचंच लक्ष नाही. चहा, भाजी, मेस: दहा मिनिटं ते पाऊण तास. आणि महिन्यातून एखादा ट्रेक, गडाच्या पायथ्याशी पाच-सहा तास.

यादी बघितल्यावर लक्षात आलं की गाडी सगळ्यात जास्त वेळ फक्त दोनच ठिकाणी असते आणि ती ठिकाणं बदलत नाहीत. मग पाच किलो लोखंड रोज इकडून तिकडे का न्यायचं?

जड कुलूप जागेवरच राहू द्या

हा माझ्या मते आजच्या भागातला सगळ्यात कामाचा मुद्दा. जड साखळी गाडीसोबत फिरत नाही. गाडी जिथे झोपते तिथे राहते.

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये भिंतीला लागून एक जाड पाइप आहे. साखळी त्याच पाइपाला लावून ठेवतो. सकाळी गाडी काढली की साखळी पाइपाभोवतीच बंद करतो, रात्री आलो की गाडी बांधतो. तुम्ही भाड्याने राहत असाल तर जमिनीत अँकर ठोकायची परवानगी मिळणं कठीण, पण खांबाला कुणी नाही म्हणत नाही. फक्त सेक्रेटरी आणि वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा. पाण्याचा किंवा गॅसचा पाइप मात्र चुकूनही वापरू नका.

ऑफिसला परवानगी असेल तर तिथेही दुसरं कुलूप ठेवता येतं. खर्च वाढतो, हो. पण दोन मध्यम कुलुपं रोज वापरात राहिली तर खिळ्यावरच्या एका महागड्या कुलपापेक्षा बरीच.

मग सोबत न्यायला उरतं काय? फक्त डिस्क लॉक. आणि ते मावतं.

डिस्क लॉक: छोटं आहे, पण जरा सांभाळून

विकत घ्यायच्या आधी गाडीची सीट उघडा. टूलकिट बाजूला सारून किती जागा उरते ते बघा, तेवढ्या मापाचा पुठ्ठा कापा आणि तो खिशात घालून दुकानात जा. कुलूप पुठ्ठ्याच्या आत बसलं पाहिजे. सोबत डिस्कच्या भोकाचा व्यास मोजा. कुलपाचा दांडा त्यात गेला पाहिजे आणि कुलपाची बॉडी कॅलिपरला किंवा एबीएसच्या रिंगला घासता कामा नये. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे चाकाजवळ ती दातेरी रिंग बहुतेकांकडे असतेच.

सीटखाली ठेवताना एक खबरदारी. बऱ्याच बाईकला तिथेच बॅटरी आणि फ्यूज बॉक्स असतो. लोखंडी कुलूप उड्या मारत बॅटरीच्या टर्मिनलला टेकलं तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं. म्हणून कुलूप नेहमी जाड कापडात किंवा पाउचमध्ये ठेवा आणि पाउच पट्ट्याने बांधा. खडखड आवाजही थांबतो.

सीटखाली जागाच नसेल तर पाउच बाहेरून लावता येतो. नाना पेठेत सीट कव्हर शिवणाऱ्याकडून मी रेक्झिनचा पाउच शिवून घेतला, मागे दोन रुंद पट्टे आणि वर झाकण. तो बसवला साडी गार्डच्या वरच्या दांड्याला, फ्रेमच्या जवळ. गंमत बघा, आपण साडी गार्ड ‘लुक खराब होतो’ म्हणून काढून टाकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ नुसार मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण लागतंच. आणि ते डाव्या बाजूला असतं, तर सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे. म्हणजे पाउच गरम होत नाही. पाउच दांड्याच्या बाहेरच्या बाजूला घ्या, चाकाच्या बाजूला नाही, आणि पट्ट्याची मोकळी टोकं कापून टाका.

बॅगेत नेणार असाल तर लॅपटॉपच्या कप्प्यात नको आणि पाठीला लागून तर नकोच. पडलात तर ते लोखंड थेट मणक्यावर येतं.

आता डिस्क लॉकचा खरा त्रास. ते काढायचं विसरून गाडी सुरू केली की चाक अर्धं फिरतं, कुलूप कॅलिपरवर किंवा फोर्कवर आदळतं आणि गाडी आडवी. माझं झालंय. ऑफिसच्या गेटवर, चार जणांसमोर. ब्रेक लिव्हर वाकला, गुडघा सोलला, इज्जतीचं विचारू नका. म्हणून आठवणीची वायर मिळते, गुंडाळलेली, बहुतेक नारंगी रंगाची. एक टोक कुलपाला, दुसरं हँडलला. मी आणखी एक करतो: कुलूप लावलं की रिकामा पाउच ॲक्सिलरेटरच्या मुठीवर चढवतो. पाउच काढल्याशिवाय गाडी चालवताच येत नाही, आणि पाउच हातात आला की कुलूप आठवतंच.

अलार्मचं डिस्क लॉक घेतलं असेल तर नेताना ते नीट बंद आहे का बघा. मेट्रोत माझी बॅग एकदा जोरजोरात बोंबलायला लागली होती. सगळा डबा माझ्याकडे बघत होता.

साखळी न्यायचीच असेल तर

मेट्रोचे दोन दिवस आणि ट्रेकचा एक दिवस, एवढ्यापुरती साखळी न्यावी लागते. आधी कुठे ठेवायची नाही ते सांगतो.

अंगावर नाही. पडलो की साखळी बरगड्यांवर आणि पाठीवर येते. सिनेमात बरी दिसते.

हँडलवर नाही. तिथे वजन टांगलं की वळताना हँडल ओढल्यासारखं वाटतं आणि साखळी घसरून क्लच किंवा ब्रेकच्या लिव्हरमध्ये अडकू शकते.

मागच्या सीटवर नुसत्या इलॅस्टिकच्या दोरीने नाही. खड्डा आला की साखळी सापासारखी सरकते. दोरीचं टोक किंवा साखळी मागच्या चाकात गेली तर चाक जाम होतं. पुढे काय होतं ते सांगायला नको.

लेग गार्डवरही नाही. तिथे इंजिन आणि सायलेन्सरचा पाइप तापतो, आणि गाडी पडली तर तोच भाग आधी जमिनीला लागतो.

मग ठेवायची कुठे? टेल बॅग किंवा साइड बॅग असेल तर तिच्या तळाशी, चालवणाऱ्याच्या बाजूला सरकवून. जड वस्तू जितकी खाली आणि मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे, तितकं चांगलं. अगदी मागे आणि उंच पाच किलो ठेवले तर गाडीचं पुढचं टोक हलकं वाटायला लागतं. बॅग नसेल तर साखळी मागच्या ग्रॅब रेलभोवती घट्ट वेढे देऊन गुंडाळा, तिचंच कुलूप लावून बंद करा आणि वर दोन पट्ट्यांनी आवळा. हाताने जोरात ओढून बघा. जरा जरी हलली तर सोडून पुन्हा बांधा.

साखळी उघडी ठेवली तर रंग खरवडते. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणा, कापा आणि साखळीवर चढवा. जुन्या जीन्सचा पाय शिवूनही काम भागतं, पण पावसात तो ओला राहतो.

काहीही बसवलं की निघण्याआधी तीन चाचण्या. हँडल डावीकडे-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा, काही अडतंय का. दोघं जण बसून सीट दाबा, चाकाला काही टेकतंय का. आणि दहा मिनिटं चालवून थांबा, काही गरम झालंय किंवा सैल झालंय का.

ट्रेकला अजून एक सोपी युक्ती. दोन बाइक असतील तर एकच साखळी न्या आणि दोन्ही गाड्यांची मागची चाकं एकमेकींना बांधा. दोन गाड्या एकत्र उचलणं फार अवघड. जाताना एकाने न्यायची, येताना दुसऱ्याने. आणि पायथ्याच्या गावात कुणी पार्किंगचे पैसे घेऊन गाडी बघत असेल तर ते पैसे द्या. माणसाच्या नजरेएवढं हलकं कुलूप दुसरं नाही.

लावताना

साखळी मागच्या चाकातून आणि शक्य असेल तर फ्रेममधून घाला. फक्त पुढच्या चाकाला लावली तर चाक खोलून ठेवून बाकी गाडी नेता येते. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीचा आधार मिळाला की कटरवर शरीराचं वजन टाकता येतं आणि हातोडाही मारता येतो. चावीचं भोक खालच्या बाजूला ठेवा, पाणी आणि धूळ कमी जाते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा भोकात कुलपांसाठीचं वंगण घाला. घट्ट ग्रीस नको, त्यात धूळ अडकते.

जादा चावी घरी ठेवा, बॅगेत नाही. कुलपासोबत चावीच्या नंबरची पट्टी आली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा.

आणि शेवटी एक कागदी कुलूप. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. लोकांना वाटतं, पाच वर्षांची निश्चिंती. नुसत्या थर्ड पार्टीत चोरीचे पैसे मिळत नाहीत. आज घरी गेल्यावर पॉलिसी उघडा आणि ‘ओन डॅमेज’समोरची तारीख वाचा. क्लेम करायची वेळ आलीच तर एफआयआर लागतो आणि कंपनी गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते. त्यामुळे दुसरी चावी कुठे आहे तेही आजच शोधा.

आता कुणी म्हणेल, बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे कुठलंच कुलूप टिकत नाही. बरोबर आहे. पण ग्राइंडरला वेळ लागतो आणि आवाज होतो. पाऊण तासात मेसबाहेरून गाडी नेणाऱ्याला दोन्ही नको असतात. त्याला शेजारची, नुसतं हँडल लॉक असलेली गाडी सोपी वाटते. माझी त्या दिवशी तशीच होती.

मागच्या दिवाळीत पप्पा पुण्याला आले होते. आम्ही दोघं चहाला बाहेर पडलो, टपरीसमोर गाडी लावली. मी पाउच काढला, कुलूप डिस्कला लावलं, पाउच मुठीवर चढवला. त्यांनी सगळं बघितलं, काही बोलले नाहीत. चहा पिऊन झाल्यावर मात्र माझ्या आधी गाडीजवळ गेले, मुठीवरचा पाउच काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “आधी हे काढ. मग चावी फिरव.”

तर या आठवड्यात एवढंच करा: जागांची यादी, तीन प्रश्न आणि सीटखालच्या मापाचा पुठ्ठा. भेटू पुढच्या भागात. गाडी सांभाळा, स्वतःलाही.